बेंगळूरची खुर्ची, घरची माडी की उद्यमबाग? कास्टिंग (धातूचं ओतकाम) डिझाइनमधल्यांनी सांगा

वडगावची_डिझाइनर

नमस्कार मंडळी. आढेवेढे न घेता विचारते. आमच्या कंपनीनं पत्र काढलंय, पुढच्या तिमाहीपासून आठवड्याचे पाचही दिवस बेंगळूरच्या ऑफिसात हजेरी. आजवर महिन्यातून एखादा आठवडा जात होते. रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडायची, व्हाईटफील्डला मैत्रिणीच्या खोलीवर राहायचं, परत यायचं. बाकीचं काम बेळगावच्या वडगावात आमच्या माडीवर. आता ते बंद. म्हणजे एक तर मुक्काम बेंगळूरला हलवायचा, नाहीतर पूर्ण वेळ घरून करता येईल अशी दुसरी नोकरी बघायची, नाहीतर इथंच उद्यमबाग-मच्छे या औद्योगिक भागांतल्या कारखान्यांसाठी स्वतःचं ड्रॉइंग ऑफिस काढायचं. तिसरं मनात बऱ्याच काळापासून आहे. म्हणूनच चार लोकांना विचारतेय, कारण मन एका बाजूला झुकलं की हिशेबही आपल्याला हवा तसाच येतो.

काम काय ते सांगते. मेकॅनिकल इंजिनिअर आहे, शिक्षण बेळगावातच. युरोपातल्या एका पंप कंपनीचं काम आमच्याकडे आहे. पंपाचं केसिंग (बाहेरचं कवच), बेअरिंग हाउसिंग, बैठकीचे ब्रॅकेट, असल्या बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) भागांची थ्रीडी मॉडेलं करायची आणि ड्रॉइंग काढायची.

ऑफिसला नावं ठेवायला आलेले नाही. जे काही येतं ते मला तिथल्या खुर्चीवरच आलं. सुरुवातीला माझी जागा एका सीनियरच्या शेजारी होती, मधे छातीएवढा करड्या कापडाचा पडदा. ते पडद्यावरून वाकून माझ्या स्क्रीनकडे बघायचे. एकदा त्यांनी केसिंगच्या कोपऱ्यावर पेनाचं टोपण टेकवलं आणि म्हणाले, "इथं तीन भिंती एकत्र येतात. धातू इथं सगळ्यात शेवटी थिजणार. आत पोकळी राहणार. ती आधाराची रिब बाजूला सरकव." कॉलवर कुणी असं मधेच थांबवून सांगत नाही. त्या एका वर्षात जेवढं शिकले तेवढं पुढं कधी शिकले नाही, आणि याची मला जाणीव आहे.

पण ते ऑफिस आता उरलं नाही. ते सीनियर गेले. जागा कुणाचीच नाही. सकाळी ॲपवर खुर्ची राखून ठेवायची, लॉकरमधून कीबोर्ड काढायचा, संध्याकाळी परत ठेवायचा. माझ्या टीमचा एकही माणूस त्या इमारतीत बसत नाही. एक पुण्यात, दोघं चेन्नईत, लीड पोलंडमध्ये. मेट्रो बदलून, बॅग तपासून, कार्ड टेकवून आत जायचं आणि हेडफोन लावून त्याच मीटिंगला बसायचं, जिला मी माडीवरून बसते. आमच्या गल्लीत माग चालतात, त्यांची खडखड मीटिंगमध्ये ऐकू जाते म्हणून दुपारी मागची खिडकी लावून घ्यावी लागते, एवढाच काय तो फरक.

आणि मुख्य गोष्ट. मी काढलेल्या ड्रॉइंगवरून कुठल्या तरी फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, धातू ओतला जातो, आणि तो मी आजपर्यंत पाहिलेला नाही. उद्यमबाग माझ्या घरापासून दुचाकीवर हाकेच्या अंतरावर. बाबा तिथंच एका फाउंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला, होते, आता घरी असतात. जे ते हातानं करत होते त्याचंच ड्रॉइंग मी पाचशे किलोमीटर लांब जाऊन काढायचं, हे मला पटत नाही. मला माझा भाग ओतताना बघायचाय. चुकला तर का चुकला ते त्याच दिवशी कळायला हवंय.

घरची बाजू: नवरा इथं मराठी शाळेत शिक्षक, त्याची बदली बेंगळूरला होत नाही. मुलगी चौथीत. बाबांना मधुमेह, त्यांचा विमा माझ्या कंपनीच्या पॉलिसीत. हातात पगार ६८ हजार येतो. घराचं कर्ज अजून घेतलेलं नाही, पण घ्यायचंय. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. उद्यमबागेत असल्या कामाला खरंच पैसे मिळतात का? की "आमच्याकडं पोरगा आहे, तो करतो" असंच ऐकावं लागतं?

खानापूरचा_सध्या_बेंगळूर

ताई, मी दीड वर्ष जांबोटीजवळच्या गावातनं काम केलं आणि परत बेंगळूरला आलो. घरच्यांनी धाडलं नाही, माझा मी आलो. माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, त्यामुळं जशाच्या तसं लागू होणार नाही, तरी लिहितो.

पावसाळ्यात आमच्याकडं लाईन गेली की तारेवर पडलेलं झाड बाजूला होईपर्यंत हेस्कॉमवाल्यांचाही, म्हणजे वीज कंपनीचाही, इलाज नसतो. लाईन गेली की थोड्या वेळात मोबाईलचा टॉवरही बसतो. वडगावात तुम्हाला फायबर आहे, तो त्रास तेवढा नसेल. माझं परत येण्याचं कारण वेगळंच होतं. टीममधली नवीन पोरं ऑफिसात बसून ज्या गप्पांत काम उचलत होती त्या गप्पा मला कळतच नव्हत्या. काम वाईट होतं म्हणून नाही, पण चांगलं काम माझ्यापर्यंत येईना.

तुमचं तसं नाही, कारण तुमची टीमच तिथं नाही. मग बेंगळूरला जाऊन तुमच्या हाती काय पडणार ते मला तरी दिसत नाही. पण "घरून करता येईल अशी दुसरी नोकरी" यावर फार भिस्त ठेवू नका. मेकॅनिकल डिझाइनमध्ये ग्राहकाचा डेटा बाहेर जाऊ नये म्हणून बऱ्याच ठिकाणी मशीन ऑफिसातच ठेवतात, लायसन्सही तिथल्या सर्व्हरला बांधलेलं. आणि आज घरून म्हणून घेतलेली कंपनी उद्या तुमच्यासारखंच पत्र काढू शकते. ऑफर लेटरमध्ये कामाचं ठिकाण म्हणून बेळगाव लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

पॅटर्नवाला_उद्यमबाग

ताई, तुमचं वाचून बसल्या जागी लिहायला घेतलं. मी आधी पुण्यात एका मोठ्या कंपनीच्या डिझाइन खात्यात होतो, मग बेळगावला आलो आणि पॅटर्न शॉप घातलं. लाकडी, ॲल्युमिनियमचे पॅटर्न (ज्यावरनं वाळूत साचा उठवतात तो नमुना) आणि कोअर बॉक्स (भागात पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, करायचा साचा) करतो. उद्यमबागेतल्या आणि मच्छेतल्या फाउंड्र्यांशी रोजचा संबंध.

पहिलं उत्तर: पैसे मिळतात. पण मॉडेल काढून देण्याचे नाही. तासावर दर सांगत गेलात तर तुम्ही म्हणता तेच ऐकायला मिळेल, पोरगा आहे म्हणून. कारण खरंच प्रत्येक शॉपमध्ये एक पोरगा बसलेला असतो आणि तो मॉडेल काढतो.

त्यांना लागतं ते दुसरं. बघा, परदेशी ग्राहकाकडनं चौकशी येते, सोबत पीडीएफ ड्रॉइंग, दोन दिवसांत दर कळवा. कास्टिंगचा दर किलोवर ठरतो. म्हणजे आधी वजन पाहिजे, तेही मशीनवर कापून काढायचा वाढावा धरून ओतलेल्या भागाचं, तयार भागाचं नव्हे. ड्रॉइंग अमेरिकेचं असलं तर मापं इंचात आणि दृश्यं थर्ड अँगलमध्ये, म्हणजे उलट बाजूला मांडलेली. आपल्याकडं पोरं फर्स्ट अँगल शिकलेली. चिन्ह बघायचं राहिलं तर डावा भाग उजवा होऊन बसतो. मग कोअर किती, पार्टिंग लाईन (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ) कुठं, साच्याच्या बॉक्समध्ये किती नग बसतील, हे सगळं दर सांगायच्या आधी कुणीतरी डोळ्यांसमोर आणायला लागतं. बहुतेक ठिकाणी हे मालक स्वतः करतो, रात्री जेवून झाल्यावर. त्याची ती रात्र तुम्ही मोकळी केलीत तर तो पैसे देतो. ड्रॉइंगला नव्हे, चौकशीला दर लावा. एका चौकशीचे इतके, ऑर्डर आली तर मेथडिंग (धातू साच्यात कुठनं, कसा ओतायचा ते ठरवणं) आणि पॅटर्नच्या मॉडेलचे वेगळे.

दुसरं काम, जुना तुटका भाग घेऊन येणारे. साखर कारखान्याच्या पंपाचं केसिंग फुटलं, मूळ कंपनी बंद पडलीय, ड्रॉइंग नाही. भाग मोजून, झीज ओळखून नवीन ड्रॉइंग करायचं. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत तोवर हे काम थांबत नाही. इथं नुसतं स्कॅन करून भागत नाही. झिजलेलं माप जसंच्या तसं उतरवलं तर नवीन भाग झिजलेलाच जन्माला येतो. मूळ माप काय असेल ते शेजारच्या बेअरिंगवरनं, बोल्टावरनं ताडायचं असतं. पंपातलं तुमचं काम इथं लाखमोलाचं आहे.

तिसरं, तपासणीचे कागद. पहिल्या नगाचा रिपोर्ट, ड्रॉइंगवर प्रत्येक मापाला क्रमांक घालून समोर प्रत्यक्ष माप लिहिणं, गाडीचे भाग असतील तर पीपीएपीची, म्हणजे ग्राहकाच्या मंजुरीसाठीच्या कागदांची, फाईल. कंटाळवाणं काम आहे, पण महिन्याला नेमानं येतं. सुरुवातीला भाडं यातनंच निघेल.

आता जे तुम्हाला येत नसेल ते सांगतो, राग मानू नका. माझ्या मिस्त्रीकडं एक पोलादी पट्टी आहे. दिसायला साधी फूटपट्टी. तुमच्या पट्टीशेजारी ठेवली तर शून्य जुळतं, आणि पुढं पुढं रेघा सरकत जातात, कारण तिच्यावरचा मिलिमीटर जरा मोठा आहे. बीड थंड होताना मीटरमागं साधारण १० मिलिमीटर आकसतं, पोलाद त्याच्या दुप्पट. म्हणून पॅटर्न तेवढं मोठं करायचं. लाकडी मास्टरवरनं ॲल्युमिनियमचं पॅटर्न ओतायचं असलं तर आकुंचन दोनदा धरायचं. आता सीएनसीवर हे कॉम्प्युटरनं होतं, मॉडेलला टक्केवारी लावली की झालं. पण प्रत्येक माप सारखं आकसत नाही. मधे कोअर असला की तो धातूला आकसू देत नाही. कुठल्या बाजूला किती, हे मिस्त्रीला माहीत असतं आणि त्यानं ते कुठं लिहून ठेवलेलं नाही. तुमच्या त्या सीनियरांनी टोपण टेकवून जे दाखवलं ना, तसली माणसं इथं शॉपफ्लोअरवर आहेत. त्यांच्याजवळ बसायची तयारी ठेवली तरच या धंद्यात या. घरच्या माडीवर बसून बेळगावच्या फाउंड्रीचं काम करायचं म्हटलं तर ते बेंगळूरच्या ऑफिसाएवढंच लांब पडेल.

आणि मुख्य अडचण पैसे वसुलीची. काम आवडलं तरी चेक साठ-नव्वद दिवसांनी. मालक वाईट असतात असं नाही. त्याचाही ग्राहक त्याला थांबवून ठेवतो आणि ते खाली खाली येत आपल्यापर्यंत पोचतं. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे म्हणता, तो कमी आहे. वर्षाचा ठेवा. पहिले तीन महिने काम शोधण्यात जातील, पुढचे तीन पैसे यायची वाट बघण्यात, तिथंच तुमचे सहा संपले.

निपाणी_माडी

ताई, मी स्टीलच्या इमारतींचं डिटेलिंग करते, ग्राहक परदेशातले. आधी कोल्हापूरला ऑफिसात होते. निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ, रोज जाऊन येऊन करत होते. बाळ झाल्यावर घरून सुरू केलं.

पॅटर्नवाल्या दादांनी धंद्याचं सांगितलं, मी घरातलं सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. ऑफिसात होते तेव्हा माझं काम हे काम होतं. घरी बसल्यावर सगळ्यांच्या लेखी मी घरीच होते. गॅसवाला आला, पाहुणे आले, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं, "तू घरीच आहेस की गं." कुणाचं मन वाईट नव्हतं. मशीन उघडं ठेवून मी चहा टाकायला उठायचे आणि रात्री एक-दीडपर्यंत ते भरून काढायचे. शेवटी चुलत दिरांच्या तंबाखूच्या गोदामामागं एक खोली होती, ती भाड्यानं घेतली. रीतसर भाडं देते, फुकट घेतली नाही. सकाळी डबा घेऊन जाते आणि संध्याकाळी येते. त्या दिवसापासून घरात कुणी काम सांगितलं नाही. तंबाखूचा वास सवयीचा होतो. तुमचा तर दुपारी मागांचा आवाजही आहे. घरात नको, वेगळी जागा बघा, दहा बाय दहा का असेना.

दुसरं, सीमेचं. आपण राहतो त्या पट्ट्यात हे फार उपयोगाचं आहे. तुम्ही सेवा देणार असाल, म्हणजे डिझाइन, ड्रॉइंग, तर वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, ग्राहक कागलच्या एमआयडीसीतला असला तरी. पण माल विकायला लागलात, समजा पॅटर्न करून घेऊन चंदगड-गडहिंग्लजच्या माणसाला विकलं, तर तो दुसऱ्या राज्यात पुरवठा झाला. तिथं उलाढाल किती का असेना, नोंदणी करावीच लागते. आपल्याला चंदगड म्हणजे शेजार, कायद्याला ते दुसरं राज्य. परदेशी ग्राहकाचं काम मिळालं तर ती निर्यात. नोंदणी केलेली असेल तर एलयूटी (हमीपत्र) भरून कर न लावता बिल करता येतं. बँकेकडून परकीय पैसे आल्याचा दाखला दर वेळी मागून ठेवा, नंतर मागायला गेलं की खेपा पडतात.

वडगावची_डिझाइनर

सगळ्यांचे मनापासून आभार. पॅटर्नवाले दादा, तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. आकुंचनाच्या पट्टीचं आलं तेव्हा त्यांनी मधेच थांबवलं आणि म्हणाले, बरोबर आहे, कोअर असला की नाही आकसत. मग बराच वेळ ते मोल्डिंगच्या वाळूबद्दल बोलले, ओल किती हवी, मुठीत दाबून मोडल्यावर कडा कशी दिसायला हवी. एवढ्या वर्षांत हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

चौकशीला दर लावायचं डोक्यात आलंच नव्हतं, मी तासावरच हिशेब मांडत होते. माडीचा विचारही सोडला. शिकायला मिळेल त्या माणसांजवळ बसायचं, हे मला पटलं. बेंगळूरची खुर्ची मला एकेकाळी आवडत होती ती त्याचसाठी.

आता अडलेल्या गोष्टी. कंपनीशी केलेल्या करारात लिहिलंय की नोकरी सोडल्यावर दोन वर्षं त्याच क्षेत्रात काम करायचं नाही. हे खरंच आड येतं का? नोटीस नव्वद दिवसांची आहे, त्या काळात फाउंड्रीत जाऊन बसलं तर चालेल का? बाबांच्या विम्याचं काय? आणि घराचं कर्ज आधी घ्यावं की नंतर?

टिळकवाडी_करसल्ला

मी कर आणि हिशेबाची कामं करतो, त्यामुळं तेवढ्यापुरतंच.

नोकरी सोडल्यानंतर त्याच क्षेत्रात काम करू नका, ही अट भारतात टिकत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ तसा करार निरर्थक ठरवतं. पण दोन गोष्टी टिकतात आणि त्या काटेकोर पाळा. नोकरीत असताना दुसरीकडून पैसे घेऊन काम करायचं नाही. आणि ग्राहकाची मॉडेलं, ड्रॉइंग, टेम्पलेट, काहीही सोबत आणायचं नाही. पेनड्राइव्ह तर नाहीच, स्वतःच्या मेलवरही पाठवू नका. नोटीसच्या काळात सुट्टीच्या दिवशी फाउंड्रीत जाऊन बघायला, शिकायला हरकत नाही. बिल मात्र शेवटच्या तारखेनंतरच.

पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी मिळेल, ती वर्षभराच्या खर्चाच्या रकमेत धरा. पीएफ काढू नका, राहू द्या.

कर्ज: स्वतःचा व्यवसाय सुरू झाला की बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. नोकरीत असताना लवकर मंजूर होतं, हे खरं. पण माझा सल्ला उलटा आहे. पहिल्या वर्षी हप्ता डोक्यावर घेऊ नका. यजमानांचा पगार नियमित आहे, दोन वर्षांनी त्यांच्या नावानं मुख्य अर्ज करून तुम्ही सहकर्जदार व्हा.

विमा: नोटीस देण्याआधीच त्याच विमा कंपनीकडे वडिलांना वैयक्तिक पॉलिसीत घ्यायचा अर्ज करा. गटाच्या पॉलिसीत गेलेली वर्षं प्रतीक्षाकाळातून वजा होतात. खंड पडू दिला तर मधुमेहाची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून, तीन वर्षांपर्यंत. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा हप्ता हलका झालाय.

व्यवसाय सुरू केल्याच्या पहिल्याच आठवड्यात उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, फुकट आहे. वर वसुलीचं लिहिलंय त्यावर कायद्याचा आधार याच नोंदणीमुळं मिळतो. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणं लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात धरता येत नाही, १ एप्रिल २०२४ पासून हे लागू आहे. त्यामुळं मार्च जवळ आला की कंपन्यांचे हिशेबनीस स्वतःहून विचारतात, तुमचा उद्यम क्रमांक काय. बिलावर तो क्रमांक ठळक छापा. भांडायची वेळ सहसा येत नाही.

आयकरात तुम्ही इंजिनिअर म्हणून अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत बसता, जुन्या कायद्यातलं ४४एडीए. जमा रकमेच्या निम्मं उत्पन्न दाखवून कर भरायचा, हिशेबाच्या वह्या ठेवायची सक्ती नाही. सुरुवातीला हेच सोयीचं.

ऑफिसला बोर्ड लावणार असाल तर लक्षात ठेवा, ६० टक्के भाग कन्नडमध्ये हवा, २०२४ पासूनचा कायदा आहे. महापालिकेच्या परवान्याचे कागदही कन्नडमध्येच येतात. वाचता येत नसेल तर शिकून घ्या. कामगार खात्यात, हेस्कॉममध्ये दर वेळी दुसऱ्याला सोबत न्यायला लागू नये.

पॅटर्नवाला_उद्यमबाग

कन्नडचं सरांनी बरोबर सांगितलं. माझ्या शॉपवर मिस्त्री मराठी, मशीनवरची दोन पोरं बैलहोंगलची, फेटलिंगला, म्हणजे ओतलेला नग साफ करायला, उत्तरेकडचे. दिवसभर तिन्ही भाषा चालतात. पोरांशी त्यांच्या भाषेत बोललात तर चुकलेला नग ते स्वतःहून आणून दाखवतात, नाहीतर तो ढिगात जातो.

ताई, सॉफ्टवेअरचं तुम्ही विचारलं नाही पण तिथंच मोठा खर्च आहे. कंपनीत जे वापरता ते एका माणसाला झेपत नाही. चोरीचं घालू नका, इथं बरेच जण घालतात म्हणूनही नको. परदेशी ग्राहकाचं काम असलेली फाउंड्री तुमच्याकडं लायसन्सची प्रत मागू शकते. वर्षाच्या भाड्यावर मिळणारं मधल्या दरातलं एखादं घ्या. वजन काढणं, कोअर वेगळा करणं, ड्रॉइंग, एवढं त्यात होतं. धातू थिजण्याचं सिम्युलेशन महाग आहे, ते विकत घेऊ नका. ज्यांच्याकडं आहे त्यांच्याकडनं नगावर करून घ्यायचं.

वडगावची_डिझाइनर

विम्याचा अर्ज उद्याच करते. नोटीस लगेच देत नाही. आधी बाजूला ठेवलेली रक्कम दहा महिन्यांच्या खर्चाइतकी करते, ग्रॅच्युइटी धरली की वर्षाचं होतं. तोपर्यंत दर शनिवारी सकाळी उद्यमबागेत. पगाराशिवाय, बिलाशिवाय, नुसतं बघायला. बेंगळूरच्या पत्राप्रमाणं मधले काही महिने तिथं राहावं लागेल, पण शुक्रवारी रात्री गाडीत बसलं की सकाळी बेळगाव, ते जमेल. नवऱ्याशी बोलणं झालंय, तो तयार आहे. मुलीला शनिवारी सकाळी सोबत आणावं लागलं तर चालेल का, दादा? तिची शाळा अकराला सुटते.

पॅटर्नवाला_उद्यमबाग

पॅटर्न शॉपमध्ये चालेल, वरच्या ऑफिसात बसू दे, कागद-पेन्सिल भरपूर आहे. फाउंड्रीत वितळलेला धातू असतो तिथं मात्र नाही, कुणाच्याच मुलाला आत घेत नाहीत. तुम्ही येताना सुती कपडे आणि बंद बूट घाला, सिंथेटिक ओढणी नको. ओतकाम दुपारनंतर असतं, सकाळी मोल्डिंग बघा. येताना स्वतः काढलेलं, कुणाच्या कंपनीचं नसलेलं एक ड्रॉइंग आणा. घरातल्या मिक्सरच्या बैठकीचं आणलं तरी चालेल. मिस्त्री त्यावर लाल पेन्सिलनं खुणा करतील, तिथनं सुरू करू.